इंग्रजीत भूतकाळी क्रियापदानंतर कसं, कुठे, कधी हे शब्द कोणत्या क्रमाने लावायचे?

साधारण क्रम हाच: आधी कसं, मग कुठे, शेवटी कधी. 'शी सँग ब्यूटिफुली ॲट द वेडिंग लास्ट नाइट.' मराठीत आपण 'काल रात्री लग्नात ती सुंदर गायली' म्हणतो, म्हणजे बरोब्बर उलटं. जाण्यायेण्याची क्रियापदं मात्र ठिकाण आधी मागतात: 'ही वेंट टू नाशिक बाय बस येस्टरडे.'

आपली जास्त गडबड होते ती वाक्यात कर्म असताना. क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये सहसा काही घुसवायचं नाही. 'ही ड्रँक क्विकली द टी' कानाला खटकतं; 'ही ड्रँक द टी क्विकली' म्हणा, नाहीतर 'क्विकली' थेट 'ड्रँक'च्या आधी न्या. कर्म फारच लांबलचक असेल तर सवलत मिळते: 'शी रेड केअरफुली एव्हरी लेटर ही हॅड सेंट हर.'

'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' ही मंडळी वेगळीच. ती मुख्य क्रियापदाच्या आधी बसतात, पण 'वॉज', 'वेअर' आले की त्यांच्या मागे जातात: 'ही नेव्हर केम लेट', पण 'ही वॉज नेव्हर लेट'. 'येस्टरडे'चं तेवढं टेन्शन नको, वाक्याच्या सुरुवातीलाही चालतं.