थॅलेसेमिया असलेल्या बाळाच्या बाबाला

प्रिय मित्रा,

"बाकीचे आईबाप इतके खंबीर कसे?" असं तू विचारलंस. खंबीर कुणी नसतं रे. माझी लेक आता कॉलेजात जाते, तरी रक्त चढवायच्या दिवशी शीर सापडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

आधी ते "कुणाच्या घराण्यातून आलं" प्रकरण मिटव. थॅलेसेमिया मेजरमध्ये, म्हणजे नियमित रक्त चढवावं लागणाऱ्या या आनुवंशिक रक्ताच्या आजारात, सहसा आई आणि बाबा दोघंही वाहक असतात; म्हणजे दोष अंगात असतो, पण आजार नसतो. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. बायकोने तेव्हा काय खाल्लं, किती धावपळ केली, याचा काडीचाही संबंध नाही. दोन्ही आज्यांना समोर बसवून हे तू सांग. तिच्यावर सोपवू नकोस.

मला धीर आला तो वहीमुळे. रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन, वजन, किती मिली रक्त दिलं, फेरिटिन (शरीरात लोह किती साठलंय ते सांगणारी तपासणी), औषधाचा डोस. आणि कडेला एक रकाना माझा: "जिन्यात मध्येच बसली." "खेळायला नको म्हणाली." रक्ताची तारीख जवळ आली की त्या रकान्यात हेच पुन्हा पुन्हा यायचं. डॉक्टरांनी तो वाचला आणि दोन वेळांमधलं अंतर कमी केलं. त्यानंतर त्यांच्यासमोर बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही.

बोर्ग्नी एगेलांड ही नॉर्वेतली आई. मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो, हे तिने लावून धरलं. बऱ्याच डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. अखेर 1934 मध्ये आस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांनी ती लघवी तपासली आणि फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार जगाला कळला. तेव्हा "मला काहीतरी वेगळं वाटतंय" हे सांगताना ओशाळू नकोस.

एका बाबतीत मी कडक आहे: लोह काढायचं औषध. दर वेळच्या रक्तातून लोह येतं आणि जादाचं बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, यकृतात साचत जातं. एक दिवस चुकला तर काहीच दिसत नाही, म्हणूनच माणसं सुस्तावतात. बाळाला ते सुरू झालं की घड्याळ लावून दे.

बाकी शाळा, लग्न, पुढचं मूल... आत्ता नको. त्या प्रश्नांना वेळ आहे.

पुढच्या खेपेला बायकोला घरी झोपू दे. बाळाजवळ तू बस. सुई लावताना त्याचा हात कसा धरायचा ते सिस्टरना विचार. गरगरायला लागलं तर तेही सांग, बापांना खुर्ची द्यायची त्यांना सवय असते.

तुझी,
ताई