सर्व्हो लावूनही टेबल जागेवर का थरथरतं? गेन किती ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की मशीनवर १७ बिट एन्कोडरचा (शाफ्ट किती फिरला ते मोजणारा) सर्व्हो मोटर आहे, ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू (एका फेऱ्याला टेबल ५ मिलिमीटर सरकवणारा) आहे, तरी टेबल थांबल्यावर हळूहळू पुढे-मागे होत राहतं आणि मापही चुकतं. गेनला, म्हणजे चूक दिसली की मोटरने किती जोर लावायचा त्या आकड्याला, इतक्यात हात लावू नका.

मी सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, जुन्या मशिनांना सर्व्हो बसवून देतो. १७ बिट म्हणजे एका फेऱ्याला १,३१,०७२ काउंट. तुमच्या स्क्रूवर एक काउंट म्हणजे ०.०४ मायक्रॉनसुद्धा नाही. पण हा हिशेब मोटरच्या शाफ्टचा. टेबल कुठे आहे हे त्या एन्कोडरला कळतच नाही.

आधी टेबलाला डायल (काट्याचं मापयंत्र) लावा. ०.०१ मिलिमीटरने एकाच बाजूला सरकवत न्या, काटा बरोबर चालायला लागला की दिशा उलटवा आणि काटा हलेपर्यंत किती पावलं वाया जातात ते मोजा. लूमचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये माझी पाच पावलं गेली, म्हणजे ५० मायक्रॉन. त्याआधी दोन दिवस मी ड्राइव्हचे (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचे) पॅरामीटरच बदलत होतो. गार्ड उघडला तर मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू (आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) सैल, शाफ्टवर चकचकीत चरा पडलेला. क्लॅम्पचं कपलिंग टाकलं आणि काटा दुसऱ्याच पावलाला हलला.

आता तुमचं पुढे-मागे होणं. स्लाइड चिकटून बसते, इंटिग्रल (उरलेल्या चुकीची बेरीज करत जाणारा गेनचा भाग) जोर साठवत जातो, स्लाइड एकदम सुटते आणि पलीकडे जाते. मग तेच उलट्या बाजूने. तेल पोचतंय का बघा, गिब (स्लाइडची ढिलाई घालवणारी पट्टी) फार आवळलेली असेल तर थोडी सैल करा. त्यानंतरच इंटिग्रल कमी करा. पुष्कळ ड्राइव्हमध्ये तो वेळेच्या रूपात असतो, तिथे आकडा वाढवला की परिणाम कमी होतो. इथे भले भले फसतात.

बारीक गुणगुण येत असेल तर तो रेझोनन्स, त्याला नॉच फिल्टर (ड्राइव्हमधला, तेवढीच कंपनं दाबणारा). गेन लावताना आधी स्पीड लूप (वेग सांभाळणारा), मग पोझिशन (जागा सांभाळणारा).

आणि आपल्याकडचा उन्हाळा धरून चाला. पोलाद मीटरला, दर अंशाला ११-१२ मायक्रॉन वाढतं. अर्ध्या मीटरचा स्क्रू १० अंशांनी तापला की ५५-६० मायक्रॉन गेले, आणि ते कुठल्याच गेनने परत येत नाहीत. मशीन अर्धा तास रिकामी चालवा, मगच शून्य घ्या.