मुलीला ॲक्टिंगमध्ये जायचंय, बीकॉम सोडू देऊ का?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सांगलीत एसवायबीकॉमला आहे, कॉलेजच्या एकांकिकेत काम केलं, उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि आता म्हणते कॉलेज सोडून मुंबईला जाते, कारण तिथल्या एका ॲकॅडमीवाल्यांनी फोन करून सांगितलंय की ७० हजार भरा, फोटोंचा पोर्टफोलिओ करून देतो, सहा महिन्यांत मालिकेत रोल नक्की. बाबा आठवडाभर तिच्याशी बोलत नाहीयेत. आणि तुम्ही मला विचारताय, हिला खरंच जमेल का?

आधी त्या ७० हजारांचं. भरू नका. चांगलं प्रॉडक्शन हाऊस ऑडिशनसाठी किंवा रोलसाठी कलाकाराकडून एक रुपया घेत नाही. शिकवण्याची फी वेगळी, ती रीतसर घ्यावी, पण शिकवणी आणि रोलची गॅरंटी एकत्र विकायला लागले की तिथून उठायचं. सुरुवातीला साधे, मेकअप न करता उजेडात काढलेले फोटो आणि मोबाईलवर नीट आवाज येईल अशी सेल्फ टेप, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड केलेली ऑडिशन, एवढं पुरतं.

आता कॉलेज. सोडू नये असं मलाही वाटतं, पण माझं कारण वेगळं आहे. दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) घ्या किंवा पुण्याच्या एफटीआयआयचा (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा) स्क्रीन ॲक्टिंगचा कोर्स, दोन्हीकडे ग्रॅज्युएशन लागतं. एनएसडीचा कोर्स तीन वर्षांचा, विद्यार्थ्यांना स्कॉलरशिपही मिळते, पण तिथे आधी काही नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे नाटक शिकवतात, मुंबई विद्यापीठातही नाट्यकलेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. म्हणजे डिग्री आत्ता सोडली तर तिला ज्या दारातून आत जायचंय तेच बंद होतं, हे तिला नीट समजावा, ती ऐकेल.

बाबांना डॉ. श्रीराम लागूंचं सांगा. कान-नाक-घशाचे सर्जन होते, आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटकात आले. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. शिक्षण आणि नट होणं यांचं वैर नाहीये. पण लागूंनी चाळिशीपर्यंत वाट पाहिली म्हणून हिनेही पाहावी असंही नाही हं, तिने आत्ताच नाटक करावं, भरपूर करावं. त्यासाठी मुंबईच लागते असं नाही, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते तुमच्याच गावात, आणि राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्रही तुमच्याकडे असतं. हौशी संघात जाऊ दे तिला.

कामाचं स्वरूप तिला माहितीये का, हे मात्र विचारा. मालिकेच्या सेटवर सकाळी नऊचा कॉल, मेकअप करून बसायचं आणि तुमचा सीन लागतो दुपारी चारला. सीन काय तर चहा पिता पिता सासूशी बोलायचं. तो आधी मास्टरमध्ये, म्हणजे सगळे दिसतील अशा शॉटमध्ये होतो, मग समोरच्याचा क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळचा शॉट, मग तुमचा, आणि प्रत्येक वेळी कप त्याच हातात, त्याच शब्दाला ओठांना लागायला हवा, नाहीतर एडिटला कंटिन्युइटी जाते, म्हणजे शॉट एकमेकांशी जुळत नाहीत. चौथ्या टेकला चहा गार झालेला असतो, समोरचा कलाकार कधीकधी निघूनही गेलेला असतो, असिस्टंट कोरड्या आवाजात त्याची वाक्यं वाचतो आणि तुमच्या डोळ्यांत तरीही पाणी यायला हवं. नाटकात हे नसतं, तिथे रिटेकच नाही, शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुज पोचवायची, आणि तोच प्रयोग शंभराव्यांदा पहिल्यांदा घडल्यासारखा करायचा. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दोन्ही शिकता येतात.

पैशाचं स्पष्ट बोलते. नाटकात दर प्रयोगाची नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन मिळतं, प्रयोग नाही तर पैसे नाहीत. मालिकेत पर डे असतो पण पेमेंट बऱ्याचदा ९० दिवसांनी, म्हणजे काम जानेवारीत केलं तर पैसे एप्रिलमध्ये किंवा पुढे, आणि ट्रॅक, म्हणजे आपल्या पात्राचा कथेतला भाग, संपला तर महिनोन् महिने घरी. मुंबईत भाडं मात्र दर एक तारखेला द्यावंच लागतं. म्हणून जाताना निदान सहा-आठ महिन्यांचा खर्च हाताशी हवा आणि जोडीला डबिंग, व्हॉइसओव्हर, लहान मुलांची नाट्यशिबिरं असं काहीतरी. करार वाचणं, टीडीएस, रिटर्न हे तिचं तिलाच बघावं लागेल, तिथे बीकॉम रोज उपयोगी पडेल.

आणि जमेल का? पत्रावरून कुणाचा अभिनय कळत नाही, पण तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात, की गेल्या वर्षी तिला रोल मिळाला नव्हता तरी ती रोज रात्री नऊपर्यंत तालमीला जायची, प्रॉम्प्टिंग करायची, म्हणजे विसरलेले संवाद आडून सांगायची, सगळ्यांचे संवाद पाठ होते. ताई, मला बक्षिसापेक्षा ती ओळ मोठी वाटली. या क्षेत्रात काम नसलेले दिवस असलेल्या दिवसांपेक्षा जास्त असतात, आणि त्या दिवसांत जी मुलं तालमीच्या हॉलवर जात राहतात तीच टिकलेली मी बघितलीयेत.

एक करा. बाबांना तिच्या पुढच्या नाटकाच्या तालमीला घेऊन जा, प्रयोगाला नाही, तालमीला, आणि दोन तास मागे शांत बसा. घरी आल्यावर तिघं मिळून बोला, आणि काय ठरलं ते मला जरूर कळवा.