दांडीवरचा पट्टा घासू नका

प्रश्न : नमस्कार दादा, माझे बाबा शिक्षक होते, मिरजेहून मालगावला रोज सायकलने जायचे. ती काळी २८ इंची रॅले वीसेक वर्षं परसातल्या खोलीत पडून आहे. डिसेंबरात बाबांची पंचाहत्तरी, तेव्हा चालू करून द्यावी म्हणतेय, त्यांना न सांगता. टायर कुजलेत, पायडल जाम आहे, चेनकव्हरवर पेंटरकडून लिहून घेतलेलं बाबांचं नाव अर्धं पुसलंय, आणि दांडीवर मी बसायचे ती छोटी सीट आवळून आवळून रंग उडालाय, पट्टाच पडलाय. इथला एकजण म्हणतो पावडर कोटिंग करून टाका, शोरूममधून आणल्यासारखी दिसेल. करू का? (एक लेक, मिरज)

उत्तर : ताई, आधी त्या माणसाला थांबवा, बाकी सगळं मग बोलू. पावडर कोटिंगला फ्रेम पार उघड्या लोखंडापर्यंत ब्लास्ट करतात, मग पावडर मारून भट्टीत भाजतात, म्हणजे सोनेरी रेघा गेल्या, ट्रान्सफर (कंपनीची चिकटवलेली नावं-चित्रं) गेले, बाबांचं नाव गेलं आणि तुमचा पट्टा पण गेला, वर आट्यांमध्ये पावडर बसते ती खरवडत बसा. मी एकदा हौसेने काकांची हर्क्युलिस अशी चकाचक करून घेतली होती. काका छान छान म्हणाले, आणि मग दांडीवर हात फिरवत बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. काय शोधताय हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तो पट्टा म्हणजे तुमची जागा आहे हो, तिथे टचअपसुद्धा नको.

रंगाला फक्त साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, आणि वाळल्यावर गाडीचं वॅक्स पॉलिश. आधी बीबीच्या (पायडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो ती) खाली कुठेतरी न दिसणाऱ्या जागी करून बघा. क्रोमवर गंज असेल तर किचनमधला अॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून त्याने घासा, निम्मा गंज डोळ्यासमोर जातो. नगरपालिकेचा सायकल-कराचा पितळी बिल्ला अजून लटकत असेल तर त्याला चिंच लावायचा मोह होईल, पण आकडे आधीच झिजलेले असतात तेव्हा नुसता पुसा.

आता जाम पायडल. म्हणजे बहुतेक क्रँकच (पायडल ज्याच्या टोकाला असतं तो दांडा), आणि खरं काम इथेच आहे, घाईघाईत सायकलीची वाटही इथेच लागते. क्रँक आसाला अडकवलेला असतो कॉटर पिनवर, म्हणजे एका बाजूने चपट्या, पाचरीसारख्या खिळीवर. चार दिवस रोज संध्याकाळी तिथे गंज सोडवायचं तेल सोडा. मग नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाशी लेव्हल येईल इतकाच सैल ठेवायचा म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही, आणि क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवायचा, पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत उतरेल असा. हा टेकू नसेल तर प्रत्येक घाव सरळ आत छऱ्यांवर जातो आणि ते ज्या वाटीत फिरतात तिच्यात खड्डे पडतात. मग घाव एकच, पण दणकून. टुकटुक करत बसलात तर पिन टोकाला फुलते आणि अडकून बसते. नवीन पिन घालताना दोन्हींचे चपटे भाग उलट्या दिशांना येतात की नाही बघा, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. आणि चाळीसेक किलोमीटर चालवून झाली की नट परत आवळायचे, हे सगळे विसरतात.

आतले छरे सगळे बदला, एका बाजूला पाव इंची अकरा, जुने-नवे मिसळू नका. वाट्या मात्र फेकू नका! इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या बहुतेक रॅलेंचे बीबीचे आटे इंचाला २६ असतात, बाकी इंग्लिश पद्धतीच्या सायकलींचे २४. दुकानदार 'बसतंय की' म्हणत २४ ची वाटी पान्ह्याने रेटतो, दोन-तीन आटे जातेही, मग शेलचेच, म्हणजे बीबीच्या नळीचेच, आटे खराब होतात. ओव्हरऑयलिंग (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण आपल्याकडे तेल पाजल्याशिवाय कामच होत नाही तर नाव बरोबरच आहे) करणारा साठीच्या पुढचा मिस्त्री शोधा, त्याला हे बोलायला लागत नाही.

टायरचं टेन्शन नको, २८ × १½ अजून बनतात, दूधवाल्यांच्या सायकलींना तेच लागतात. ऑनलाइन मात्र नुसतं '२८ इंची' किंवा ७०० लिहिलेलं बघून मागवू नका, ते वेगळ्या रिमचे, लहान पडतात. मिस्त्रीकडून रिमचा आउट (चाकाचं वेडंवाकडं डुलणं) काढून घ्या, रॉडब्रेकचे रबर नवे टाका. लेदर सीट असेल तर तिला खोबरेल पाजू नका, मऊ पडून झोळी होते, चामड्याचं मेणयुक्त पॉलिश थोडंसं पुरे. मालगावच्या रस्त्याने बाबांच्या मापाची झालेली सीट आहे ती.

राहिला प्रश्न बाबा चालवतील का, जो तुम्ही विचारलाच नाही. पंचाहत्तरीला डावा पाय पायडलवर ठेवून, दोनदा ढकलून मागून टांग टाकणं सोपं नाही, गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत. सीट जाईल तितकी खाली घ्या, स्टँड भक्कम बसवा, आणि पहिल्या दिवशी कॅरिअर धरून मागे चाला, त्यांना आवडणार नाही तरी चाला. रॉडब्रेक पावसात फारसा लागत नाही, पण डिसेंबर आहे म्हणून बरं. आणि न सांगता करताय ते ठीक, फक्त खोलीतून सायकल गायब झालेली त्यांना दिसली तर भंगारात दिली असं वाटून जेवणार नाहीत. आईला कटात घ्या.

प्रश्न : पुण्यात जुन्या बाजारात एक 'ओरिजिनल इंग्लिश रॅले' मिळतेय, वडिलांना द्यायचीय. खरी कशी ओळखू? (पिंपरी)

उत्तर : पुढच्या हेडचा (हँडलखालच्या उभ्या नळीचा) बिल्ला वाचा. नॉटिंगहॅम लिहिलंय की सेन-रॅले? सेन-रॅले आपल्याकडची, आसनसोलजवळच्या कारखान्यातली, तीही चांगली सायकल, फक्त इंग्लिशचे पैसे देऊ नका. बिल्ला रिव्हेट ठोकून बदलता येतो, त्यामुळे एवढ्यावर विश्वास नको. थ्री-स्पीडवाली असेल तर मागच्या चाकाच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या गिअर-हबवर सालाचा आकडा ठोकलेला असतो, पण तो हबचा, चाक बदललेलं असू शकतं. आधी कारवेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल म्युझियममध्ये चक्कर मारून या, जुन्या सायकली जवळून बघितल्या की डोळा बसतो.

आणि सगळ्यात आधी दांडी आणि खालची नळी जिथे हेडला मिळते तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाखाली सुरकुती लागली तर ती समोरून धडकलेली आहे, पुढचं चाक धरणारा चिमटाही वाकलेला असणार. पार्ट्ससाठी हवी असेल तर घ्या, पण मग भाव पाडून.