रविवारी डिमसमचं आमंत्रण आणि माळकरी सासूबाई

कॅनडातल्या मार्कमहून एका ताईंचं पत्र आलंय. लेकीच्या वर्गमैत्रिणीचं कुटुंब मूळचं हाँगकाँगचं. त्यांनी येत्या रविवारी अकरा वाजता सगळ्यांना डिमसमला, म्हणजे चहाबरोबर खायच्या वाफवलेल्या-तळलेल्या छोट्या छोट्या चिनी पदार्थांना, बोलावलंय. ताईंचे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेत आणि सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ताई लिहितात, "त्यांना घरी ठेवून जाणं जिवावर येतं. नेलं तर त्या खाणार काय? की काहीतरी सांगून टाळू?"

ताई, टाळू नका आणि सासूबाईंना घरीही ठेवू नका. हाँगकाँगची आणि शेजारच्या ग्वांगडोंग प्रांताची माणसं या जेवणाला बहुतेकदा 'यम चा' म्हणतात. यम चा म्हणजे चहा पिणं. ऑस्ट्रेलियात तर सगळेच हाच शब्द वापरतात. सकाळी सुरू होऊन दुपारी तीनच्या सुमारास संपणारं हे खाणं रविवारी आजी-आजोबांना मध्ये बसवूनच होतं. गोल टेबल, मधोमध फिरती चकती, बांबूच्या करंड्यांत तीन-तीन, चार-चार नग. स्वतःपुरती थाळी कोणी मागवत नाही. तुमच्या सासू-सासऱ्यांची जागा त्या टेबलावर आधीच धरलेली आहे, असं समजा.

पण तयारी न करता जाऊ नका. हे मी कळवळून सांगतेय, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना हौसेनं डिमसमला नेलं. जाळीदार, कुरकुरीत, अंडाकृती वडे आले. अळकुड्यांसारख्या कंदाचे असतात एवढंच मला माहीत होतं, म्हणून मी बिनधास्त एक त्यांच्या वाटीत ठेवला. आत डुकराच्या मांसाचा खिमा होता. बाबांनी घास रुमालात काढला, चहानं चूळ भरली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी आधी एक प्रश्न विचारला असता तर हे झालं नसतं.

तेव्हा आजच मैत्रिणीच्या आईला फोन करा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणू नका. त्या शब्दात कोंबडीचं सूप आणि कालवांचा सॉस खपून जातो. 'आमच्या आई देवाधर्मासाठी शाकाहार पाळतात, बौद्ध भिक्षू पाळतात तसा', असं सांगा. त्यांच्या कॅन्टोनीज भाषेत त्याला 'जाय' हा शब्द आहे. तिथल्या कितीतरी आज्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, स्वतः जाय खातात. आपली एकादशी त्यांना समजावून सांगावी लागत नाही. हो, त्या रविवारी एकादशी तर नाही ना, हे मात्र कालनिर्णयमध्ये बघून घ्या.

सासूबाई फार कडक असतील तर बौद्ध शाकाहारी उपाहारगृहात भेटूया का, असं मोकळेपणानं सुचवा. मोठ्या शहरांत अशी ठिकाणं असतात आणि परंपरा पाळणाऱ्या ठिकाणी कांदा-लसूणही चालत नाही. नेहमीच्या ठिकाणी करंड्या एकावर एक रचून वाफवतात. खालच्या करंडीत गोमांसाचे गोळे असतील तर वरच्या भाजीच्या डिमसमलाही तीच वाफ. हे सासूबाईंना आधी सांगा आणि ठरवू द्या त्यांनाच.

नेहमीच्याच ठिकाणी जायचं ठरलं तर मुळ्याच्या वड्या जपून. तांदळाचं पीठ आणि किसलेला मुळा उकडून, कापून, तव्यावर परततात. दिसतात थेट आपल्या कोथिंबीर वडीसारख्या, पण आत बहुधा सुकट आणि डुकराचं सॉसेज असतं. तिळाच्या गोल गोळ्यात लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण असतं. त्यात चरबी आहे का ते विचारा. मँगो पुडिंगमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन, पिवळ्या टार्टमध्ये अंडं. सारण नसलेला चोंग फन, म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली मऊ सुरळी, सोया सॉस आणि तीळ घालून छान लागते. सॉस कशाचा, तेवढं विचारून घ्या. शेवटी मऊ टोफू आल्याच्या पाकात. सासूबाईंना हा नक्की आवडेल. त्यांचे पदार्थ आधी मागवा आणि त्यांच्यापुढेच ठेवा, चकतीवर नको.

सासऱ्यांना चालत असेल तर हार गाव, म्हणजे कोलंबी भरलेलं वाफवलेलं डिमसम, जरूर खाऊ घाला आणि सासूबाईंनाही ते नीट बघू द्या. आतली कोलंबी आवरणातून गुलाबी दिसते. ते आवरण गव्हाच्या सत्त्वाचं असतं, आपण कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो त्याच्याच जातीचं. त्यावर उकळतं पाणी ओतून उकड काढतात, गरम असतानाच मळतात, पातळ पारी करतात आणि एका बाजूनं बारीक चुण्या घालत मिटतात. मोदकाच्या कळ्या ज्यांच्या बोटांत बसल्यात, त्यांना त्या चुण्या मोजाव्याशा वाटल्याखेरीज राहत नाहीत.

उष्ट्याचा प्रश्न पत्रात नाही, पण मनात असणार. एकाच करंडीत सगळ्यांच्या काड्या (चॉपस्टिक्स) जाणं आपल्या वडीलधाऱ्यांना जड जातं. वाढायच्या वेगळ्या काड्या किंवा चमचे मागा. बऱ्याच ठिकाणी ते देतातच आणि हाँगकाँगच्या माणसांना त्यात वावगं वाटत नाही. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, हे मुलांना घरीच सांगून ठेवा. मेलेल्या माणसापुढे उदबत्त्या लावतात, तशा त्या दिसतात.

चहा मात्र सगळ्यांचा एक. जाईच्या फुलांचा किंवा शेवंतीचा मागवलात तर दूध-साखरेची सवय असलेल्यांनाही जातो. आधी मोठ्यांच्या कपात, मग इतरांच्या, स्वतःच्या शेवटी. कोणी आपल्या कपात ओतलं की आभार म्हणून दोन बोटं टेबलावर हलकेच टकटक वाजवायची. वेष बदलून फिरणाऱ्या चीनच्या चिएनलुंग बादशहानं सेवकाला स्वतः चहा ओतला. लोटांगण घातलं तर बादशहा ओळखला जाईल, म्हणून सेवकानं बोटांनीच नमस्कार केला, अशी दंतकथा सांगतात. ही गोष्ट गाडीतच सासूबाईंना सांगा. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, वाढपी पाणी घालून जातो.

जाताना संत्री न्या. चार नगांचा हिशेब टाळा आणि भेट म्हणून घड्याळ कधीच नको. दोन्ही शब्दांचा उच्चार त्यांच्या भाषेत मृत्यूकडे जातो. बिलासाठी एकदा मनापासून हात पुढे करा, दुसऱ्यांदाही करा, पण यजमानाच्या हातातून ओढू नका. त्याऐवजी टेबलावरच परतीचं आमंत्रण द्या. सासूबाई इथे आहेत तोवरचा एखादा शनिवार ठरवा आणि मैत्रिणीच्या आजीला थोडं लवकर बोलवा. उकड काढायला दोघी बसतील.