ताप चढला नाही, तरी संसर्ग असू शकतो

प्रश्न : आई 81 वर्षांची आहे. परवापासून असंबद्ध बोलते, दिवसभर पडून असते, जेवण नको म्हणते. काल पलंगावरून उतरताना तोल जाऊन पडली. ताप 99, खोकला नाही. हे वयामुळे असेल का?

उत्तर : दोन दिवसांत एवढा बदल वयामुळे होत नाही. आजच डॉक्टरांना दाखवा. स्मृतिभ्रंश महिनोन्महिने हळूहळू वाढतो. एकाएकी आलेल्या गोंधळामागे न्यूमोनियासारखा संसर्ग, एखादं औषध किंवा शरीरातलं पाणी कमी होणं, असं काहीतरी असतं. पडताना डोक्याला मार लागला का आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही न विसरता सांगा.

आता त्या 99बद्दल. म्हातारपणी शरीराचं नेहमीचं तापमानच कमी असतं, शिवाय संसर्गाला ताप चढवण्याची ताकदही उणावते. ज्यांचं एरवी 97 असतं, त्यांच्यासाठी 99 हा तापच. पॅरासिटामॉल चालू असेल तर तोही दबतो. तोंडाने श्वास घेणाऱ्यांचं तोंडातलं तापमान कमी भरतं. काखेतलंही साधारण एक अंशाने कमीच दिसतं. म्हणून बरं असतानाच आठवडाभर, ठरावीक वेळी, एकाच थर्मामीटरने मोजून आकडा लिहून ठेवा.

त्याहून उपयोगी म्हणजे श्वास मोजणं. माणूस शांत पडलेला असताना नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि छातीवरचं पांघरूण किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. मोजतोय हे कळलं की श्वासाची लय बदलते. 25च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. 30 किंवा जास्त, ओठ निळसर किंवा हाक मारूनही नीट जाग येत नसेल तर थेट रुग्णालय.

प्रश्न : वडिलांच्या लघवीत जंतू निघाले, पण त्रास काहीच नाही. अँटिबायोटिक द्यायचं का?

उत्तर : सहसा नाही. उतारवयात लघवीत जंतू असणं नेहमीचं आहे. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) महिनाभर असेल तर जवळपास सगळ्यांच्याच लघवीत ते सापडतात. विनाकारण औषध दिलं की जुलाब लागू शकतात आणि खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरू शकतं. नव्याने जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी-ताप सुरू झाला तर मात्र थांबू नका. मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हा रिपोर्ट सर्जनना आधी दाखवा. तिथे औषध लागू शकतं.