लिसियन 'लदा' आणि मराठी 'लाडकी'

प्राचीन लिसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा नैर्ऋत्य किनारा; तेथील लिसियन भाषेतल्या शिलालेखांत पत्नीला 'लदा' म्हटलेले आढळते; या शब्दाचे आपल्या 'लाडकी'शी नाते असेल का, आणि अशा लुप्त भाषेतील शब्दांचे अर्थ कशावरून ठरवतात, अशी पृच्छा आहे.

नाते मानण्यास आधार नाही. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या असल्या तरी नुसते ध्वनिसाम्य पुरत नाही; तोच ध्वनिबदल इतर शब्दांतही नियमाने दाखवावा लागतो. शिवाय 'लदा'चा अर्थ मुळात साम्यावरून ठरलेलाच नाही. लिसियातील लिमिरा येथे एका थडग्यावर लिसियन आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत लेख आहे. पार्मेनाचा मुलगा सिदेरिया याने हे थडगे स्वतःसाठी, पत्नीसाठी आणि पुबिएले या मुलासाठी बांधले, असे त्यात म्हटले आहे. ग्रीक मजकुरात जेथे 'पत्नीला' आहे, तेथेच लिसियनमध्ये 'लदि' हे रूप येते, आणि हाच साचा इतर अनेक थडग्यांवर पुन्हा पुन्हा भेटतो.

त्याच लेखातील, 'मुलगा' या अर्थी येणारा 'तिदेइमि' हा शब्द मला अधिक बोलका वाटतो. भगिनीभाषा लुवियनमधील सजातीय शब्दावरून त्याचा मूळ अर्थ 'अंगावर पिणारे मूल' असा निघतो. पण येथे स्वतःचे थडगे बांधणारा, बायकामुले असलेला सिदेरियाही पार्मेनाचा 'तिदेइमि'च आहे. व्युत्पत्तीवर विसंबून भाषांतर केले असते, तर या प्रौढ गृहस्थाला तान्हे बाळ ठरवण्याची वेळ आली असती. लेतोऊन या लिसियातील देवस्थानी 1973 साली सापडलेल्या लिसियन, ग्रीक आणि अरमाईक अशा त्रैभाषिक लेखातही लेतो देवीच्या अपत्यांसाठी हाच शब्द योजलेला आहे.

समांतर मजकूर नसेल तेथे मात्र शब्दाच्या शेजाऱ्यांकडेच पाहावे लागते. 'मिंति' हा शब्द थडग्यात कोणाचे दफन करावे याविषयीच्या अटींत आणि रकमेच्या उल्लेखाजवळ येतो, आणि लिसियातील ग्रीक लेखांतही तो 'मिंदिस' असा जवळपास जसाच्या तसा उचललेला दिसतो. त्यावरून थडग्यांची देखरेख करणारी ही एखादी मंडळी असावी, असे म्हणता येते. ती नातलगांची होती की गावाने नेमलेली, हे केवळ व्युत्पत्तीच्या बळावर ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.